बाल संगोपनाचे पैसे: कुठलं ऑफिस, कुठलं टेबल?

मागच्या अंकात एका उत्तरात बाल संगोपन योजनेबद्दल चारच ओळी लिहिल्या होत्या, की आईवडील नसलेलं किंवा एकच पालक उरलेलं मूल बालगृहात ठेवण्यापेक्षा आजीकडे, मामाकडे, काकूकडे, घरातच वाढावं म्हणून सरकार दरमहा काही रक्कम देतं. तेवढ्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आलेत की आजचा सगळा कॉलम त्यालाच देतेय. मी स्वतः २२ वर्षं एका संस्थेतर्फे याच योजनेच्या गृहभेटी केल्यात, फॉर्म भरून दिलेत, ऑफिसांच्या बाकड्यांवर आज्यांसोबत बसलेय, त्यामुळे जे माहितीये ते सरळ सांगते. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

ताई, माझा मुलगा दोन वर्सांमागं ऊसतोडीला गेला असताना कारखान्याकडंच वारला. सून दुसरं लग्न करून गेली. नातू ९ वर्सांचा, नात ६ वर्सांची, दोघं माझ्याकडं हायेत. जिल्हा परिषदेत चार चकरा झाल्या, ते म्हणतात आमच्याकडं नाही. मग कुणाकडं? (शेजारच्या पोराकडून लिहून घेतलंय.)
– एक आजी, बीड जिल्हा

आजी, ऑफिस चुकलं, पण तुमचं काही चुकलं नाही, नावंच अशी सारखी आहेत की शिकलेली माणसंपण फसतात. जिल्हा परिषदेत जो महिला व बालकल्याण विभाग असतो तो अंगणवाड्या बघतो. बाल संगोपन हे राज्य सरकारच्या महिला व बाल विकास खात्याचं काम, त्याचं जिल्ह्याच्या गावाला वेगळं ऑफिस असतं, पाटीवर लिहिलेलं असतं 'जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी', आणि त्यांच्याच हाताखाली 'जिल्हा बाल संरक्षण कक्ष' असतो. तुम्हाला जायचंय तिथे. शेजारच्या पोराला ही दोन्ही नावं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्यायला सांगा आणि तो कागद सोबत ठेवा, म्हणजे कुणी परत झेडपीकडे पाठवायला लागलं तर तोच दाखवायचा.

तिथे अर्ज दिला की एक समाजसेवक किंवा कार्यकर्ता तुमच्या घरी येऊन चौकशी करतो, घर कसंय, मुलं शाळेत जातात का, खायला-प्यायला काय, तुमची तब्येत कशी. त्याला घाबरू नका, घर साधं आहे म्हणून कुणी नाकारत नाही. त्याचा अहवाल बाल कल्याण समितीपुढे जातो, अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात एक तरी बाई असतेच, कायद्याने या समितीला न्यायदंडाधिकाऱ्यासारखे अधिकार आहेत. ती समिती मुलांना आणि तुम्हाला समोर बसवून दोन प्रश्न विचारते आणि मग आदेश काढते. सगळं त्या आदेशावर आहे. पैसे आदेशापासून पुढचे मिळतात, मागच्या दोन वर्षांचे मिळत नाहीत, म्हणून आजी, आता एक महिनासुद्धा घालवू नका.

कागद सांगते: दोन्ही मुलांचं आधार, तुमचं आधार, शाळेचा बोनाफाईड, रेशन कार्ड, रहिवासी दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, मुलाचा मृत्यू दाखला, आणि घरासमोर उभं राहून तुमचा आणि मुलांचा काढलेला फोटो. हा फोटो लोकांना किरकोळ वाटतो आणि त्यावरूनच अर्ज परत येतात. मी बघितलंय, एका आजीनं नातीला नवा फ्रॉक घातला, स्वतः नऊवारी नेसून बसली, पण फोटो काढणाऱ्याने भर दुपारी लिंबाच्या सावलीत उभं केलं आणि पोरीचं तोंडच काळं आलं, परत काढा म्हणाले, परत एक दिवसाची मजुरी गेली. सकाळी काढा, दार दिसू दे, सगळ्यांची तोंडं स्वच्छ दिसू देत.

तुमच्या बाबतीत खरी अडचण मृत्यू दाखल्याची येईल. माणूस जिथे वारला तिथल्याच ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत त्याची नोंद होते, आपल्या गावात नाही. मुलगा कारखान्याकडे गेला, म्हणजे नोंद तिकडे. दवाखान्यात गेला असेल तर दवाखान्यानेच नोंद पाठवलेली असते, नुसता दाखला काढून आणायचा. पण अड्ड्यावर, कोपीत (ऊसतोडीवरच्या झोपडीत) गेला असेल आणि तेव्हा नोंदच केली नसेल, तर वर्ष उलटून गेल्यामुळे दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, त्याला वेळ जातो. मुकादमाला फोन करून आधी हे विचारून घ्या की नोंद झालीये की नाही. आणि सून दुसरीकडे गेलीये हे लपवू नका, लोक सांगतात 'आई वारली म्हणून टाक', अजिबात तसं करू नका, आई जिवंत असून सांभाळत नाही हेसुद्धा या योजनेत बसतं, फक्त ते समितीपुढे खरं खरं सांगायचं.

माझे मिस्टर कोविडमध्ये गेले. एका मुलाचा आदेश हातात आहे, पण आठ महिने झाले एक रुपया नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या एकीला मात्र मिळाले. ऑफिसात विचारलं तर म्हणतात 'अनुदान आलं नाही'. हे अनुदान येतं तरी कुठून?
– एक वाचक, सोलापूर

ताई, 'अनुदान आलं नाही' हे खरंही असतं आणि कधी कधी टाळायला सांगितलेलंही असतं, दोन्ही वेगळं कसं ओळखायचं ते सांगते.

हा पैसा जिल्ह्याचा नसतोच. तो विधिमंडळात मंजूर झालेल्या राज्याच्या बजेटमधून महिला व बाल विकास खात्याला मिळतो, तिथून पुण्याच्या आयुक्तालयाकडे, आयुक्तालय जिल्ह्याने कळवलेल्या मुलांच्या संख्येप्रमाणे जिल्ह्यांना वाटून देतं, मग जिल्ह्याचं ऑफिस बिल करून कोषागारात टाकतं आणि तिथून रक्कम थेट खात्यावर पडते. रक्कम आधी कितीतरी वर्षं महिन्याला फक्त ४२५ रुपये होती, कोविडच्या काळात ती ११०० झाली आणि २०२३ पासून २२५० आहे, त्याच वर्षी योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं. रक्कम वाढली ते फार चांगलं झालं, मनापासून सांगते, ४२५ मध्ये एका मुलाचं महिन्याचं दूधसुद्धा होत नव्हतं. पण पैसे महिन्याच्या महिन्याला येत नाहीत, सहा-सहा, आठ-आठ महिन्यांचे एकदम येतात, आणि ज्या घरात रोजच्या पिठाचा हिशोब असतो तिथे एकदम आलेले १८,००० आणि दर महिन्याचे २२५० यात खूप फरक असतो, तोवर किराणावाल्याची उधारी वाढलेली असते. हे बदलायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.

आता तुमचं. त्या दुसऱ्या बाईला पैसे आलेत म्हणजे जिल्ह्याला अनुदान आलं होतं, मग अडलंय ते तुमच्याच नावावर. आधी बँकेत जाऊन विचारा की आधार कुठल्या खात्याला 'सीड' आहे. आधार 'लिंक' आहे एवढं पुरत नाही, सरकारी पैसे आधारवरून जेव्हा येतात तेव्हा जे खातं शेवटी सीड केलं त्याच खात्यात जातात, पासबुक दुसऱ्या बँकेचं दिलेलं असलं तरी. २०२४ मध्ये लाडकी बहीणच्या वेळी गावोगाव बायकांनी घाईघाईने पोस्टाच्या बँकेत खाती उघडली, सीडिंग तिकडे गेलं, आणि जुन्या खात्यात काहीच येईना म्हणून बऱ्याच जणी रडकुंडीला आल्या, पैसे मात्र पोस्टाच्या खात्यात पडून होते. ते एकदा बघून घ्या.

तिथेही नसतील तर ऑफिसात तोंडी विचारणं बंद करा, लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आमच्याकडे एका जिल्ह्यात यादी टाइप करताना खाते नंबरातला एक आकडा चुकला होता, ती बाई सव्वा वर्ष 'अनुदान आलं नाही' एवढंच ऐकत होती. तरी उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात अर्ज करा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रश्न नेमके विचारा: माझ्या मुलाचं नाव कोणत्या महिन्यापासून यादीत आहे, कोणत्या महिन्यांचं बिल कोषागारात कोणत्या तारखेला गेलं, पेमेंट फेल झालं असेल तर कारण काय. आणि कलेक्टर ऑफिसला दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तहसीलला तिसऱ्या सोमवारी, तिथे दिलेल्या अर्जाला नंबर पडतो आणि खात्याला उत्तर द्यावंच लागतं.

कुणी म्हणतं २२५०, कुणी म्हणतं ४०००. खरं काय?
– जळगावहून

दोन्ही खरं, योजना दोन आहेत. २२५० ही राज्याची बाल संगोपन. ४००० ही केंद्राच्या मिशन वात्सल्यमधली प्रायोजकत्व योजना, सगळे तिला स्पॉन्सरशिपच म्हणतात, तिचा खर्च केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के उचलतं. तिला उत्पन्नाची अट आहे, खेड्यात वर्षाला ७२,००० आणि शहरात ९६,००० पर्यंत. ऑफिस तेच, जिल्हा बाल संरक्षण कक्ष. एकाच मुलाच्या नावावर दोन्हीकडून घ्यायला जाऊ नका, आधारवरून दुबार नाव सापडतं आणि दोन्ही अडकतं. ज्यात बसता ते आधी मिळवा. माझा अनुभव असा की स्पॉन्सरशिपच्या जागा जिल्ह्याला मंजूर निधीप्रमाणे मर्यादित असतात, त्यामुळे ४००० ची वाट बघत बाल संगोपनाचा अर्जच न करणं हा तोटाच. आणि स्पॉन्सरशिप नाकारली तर समितीच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, हे बाल न्याय कायद्यातच लिहिलंय, फार कमी लोक करतात.

मी पहिल्यांदाच सरपंच झालेय. गावात अशी सात-आठ मुलं आहेत. ग्रामपंचायत काही देऊ शकते का?
– सरपंच, नाशिक जिल्हा

सरपंच ताई, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात हे तुम्हाला माहीत असेलच, पण घरपट्टी-पाणीपट्टीच्या जमेतले १० टक्के म्हणजे लहान गावात किती तर थोडेच, त्यातून मुलांना दरमहा रक्कम देणं जमणार नाही आणि ते तुमचं कामही नाही. तुमच्या हातात दुसरं आहे आणि ते पैशापेक्षा मोठं आहे.

गावात कुणी वारलं की पहिला कागद तुमच्याच ऑफिसात बनतो. मृत्यू दाखला देताना ग्रामसेवकाने एकच प्रश्न विचारायचा, 'घरात १८ च्या आतलं मूल आहे का?' असेल तर दाखल्यासोबत बाल संगोपनाचा फॉर्म हातात द्यायचा. बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत माणसं कुठे ऑफिस शोधत फिरणार. गाव बाल संरक्षण समितीचे अध्यक्ष सरपंचच असतात, अंगणवाडी ताई, आशा, पोलीस पाटील, शाळेचे गुरुजी हे सगळे त्यात येतात, ती समिती बऱ्याच गावांत फक्त रजिस्टरवर असते, तुम्ही खरोखर बसवा. सात-आठ मुलांची यादी करा, शाळेतला आणि आधारवरचा नावाचा स्पेलिंगचा फरक आधी काढून घ्या (पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे अपडेट करायचे राहिलेले असतात तेपण), आणि सगळ्यांना एकाच गाडीने एकाच दिवशी जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे न्या. एकट्या म्हाताऱ्या बाईला समितीपुढे बोलायला जड जातं, सरपंच शेजारी बसलेली असली की तिचा आवाज निघतो.

आम्हाला मूलबाळ नाही. दत्तक घ्यायची मनाची तयारी अजून होत नाही, पण एखादं मूल काही वर्षं सांभाळायला आवडेल. असं होतं का, आणि सरकार त्याचेही पैसे देतं का?
– एक जोडपं, ठाणे

होतं. त्याला फॉस्टर केअर म्हणतात, मराठीत प्रतिपालकत्व. बालगृहात असलेलं, साधारण ६ वर्षांवरचं मूल, ज्याला दत्तक कुणी घेतलेलं नाही किंवा ज्याच्या घरचे सध्या सांभाळू शकत नाहीत, ते ओळखीच्या नसलेल्या कुटुंबात ठेवतात. मिशन वात्सल्यमध्ये त्यासाठीही महिन्याला ४००० आहेत. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडेच, घराची चौकशी, पोलीस पडताळणी, मग समितीचा आदेश. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एकटी बाई किंवा एकटा पुरुषही हे करू शकतो (एकट्या पुरुषाकडे मुलगी देत नाहीत), आणि पाच वर्षांऐवजी दोन वर्षं सांभाळल्यावर त्याच मुलाला दत्तक घेण्याची वाट मोकळी होते.

एक मात्र आधी पक्कं करा. त्या मुलाचे आईवडील जिवंत असतील तर ते भेटायला येतील, मूल त्यांच्याकडे परतही जाईल, आणि तुम्ही तेव्हा रडाल. मी अशा एका बाईंच्या घरी गेले होते, मुलगा आईकडे परत गेल्यावर सहा महिने त्यांनी त्याची स्टीलची ताटली तशीच रॅकवर वेगळी ठेवली होती. पण पुढच्या वर्षी त्यांनी दुसऱ्या मुलासाठी अर्ज केला. मोठी, ८-१० वर्षांची मुलं बालगृहात वर्षानुवर्षं वाट बघत असतात, तुमच्यासारख्यांची फार गरज आहे.

आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. शेजारची एक आजी कोर्टाच्या आदेशाने नातीला सांभाळते, तिला काउंटीकडून दर महिन्याला पैसे येतात. तिथे काउंटी देते मग आपल्याकडे झेडपी किंवा महापालिका का देत नाही?
– एक वाचक, अमेरिका

चांगलं विचारलंत. तिथे मुलांची काळजी हे काम कायद्याने काउंटीकडेच दिलेलं आहे. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत, समाजसेवक काउंटीचे, सांभाळणाऱ्या घराला मंजुरी काउंटी देते (तिथे त्याला रिसोर्स फॅमिली म्हणतात), पैसेही काउंटीच देते, दर मात्र राज्य ठरवतं. पैसा तीन खिशांतला असतो: तिथल्या केंद्र सरकारचा, राज्याने २०११ मध्ये विक्रीकर आणि वाहन फीमधला जो वाटा या कामासाठी काउंट्यांना तोडून दिला तो, आणि काउंटीचा स्वतःचा. यात एक विचित्र नियम आहे, मूल ज्या घरातून काढलं ते घर १९९६ सालच्या गरिबीच्या मापात बसत असेल तरच केंद्र आपला वाटा देतं, म्हणून कितीतरी मुलांचा खर्च राज्य आणि काउंटीवरच पडतो. म्हणजे काउंटीचे स्वतःचे पैसे त्यात अडकलेले असतात. आपल्या जिल्ह्याचं तसं नाही, आपलं जिल्हा ऑफिस फक्त वाटतं, वरून आलं तर देतं, नाही आलं तर आजीला परत पाठवतं.

पण तिथलं सगळंच चांगलं असं नका समजू. त्या आजीकडे कोर्टाचा आदेश आहे म्हणून तिला मिळतं, तीच नात तिने आपली आपण, कोर्टात न जाता ठेवून घेतली असती तर फॉस्टर केअरचा दर मिळाला नसता, दुसऱ्या योजनेतून बरीच कमी रक्कम मिळाली असती. बीडच्या आजींचं आणि तिचं दुखणं इथे एकच, नातवंडं मांडीवर आहेत पण कागद नाही. तिथली एक गोष्ट मात्र मला आपल्याकडे हवीये, मागच्या महिन्याचे पैसे पुढच्या महिन्यात येतात आणि मूल कोर्टाच्या देखरेखीत असेल आणि अटींत बसत असेल तर २१ वर्षांपर्यंत मदत सुरू राहू शकते.

माझी भाची (आईवडील दोघंही नाहीत) पुढच्या मे महिन्यात १८ पूर्ण करेल. तेव्हा पैसे बंद होतात म्हणे. मग पुढे?
– मामा, कोल्हापूर

हो मामा, १८ ला बंद होतात. म्हणून आतापासून मेपर्यंत एक काम करून घ्या: अनाथ प्रमाणपत्र. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण आहे, आणि हे फक्त बालगृहात वाढलेल्यांसाठी आहे असं लोकांना वाटतं, आता नातेवाइकांकडे वाढलेली, आईवडील दोघंही नसलेली मुलंही त्यात येतात. अर्ज त्याच जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी ऑफिसात. बाल संगोपनाची तिची जुनी फाइल तिथेच आहे, तिच्यातला समितीचा आदेश आणि दोघांचे मृत्यू दाखले यांच्या झेरॉक्स काढून घ्या, मूळ कागद कुणालाही देऊ नका. १८ नंतर फाइल बंद होऊन कपाटात मागे जाते आणि मग शोधायला फार त्रास होतो, म्हणून एप्रिलच्या आत जाऊन या. आणि भाचीला सोबत न्या, यापुढे सह्या तिलाच करायच्यात.